अंगावरचं दूध आणि घड्याळ

बाळाला किती वेळानं पाजायचं, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या नव्या बाळंतिणीला चार जण चार तऱ्हांनी सांगतात. दवाखान्यातून सुटी होताना सिस्टर म्हणते, दर दोन तासांनी पाजा. घरी आल्यावर आजेसासू म्हणते, "आत्ताच तं पाजलं ना, लगेच कायले घेतलं? पोट बिघडन त्याचं." मोबाइलवरचा व्हिडिओ थेट तक्ताच पुढे करतो: सकाळी सातला दूध, दहाला दूध, एकला दूध आणि रात्री अकरा ते पाच काही नाही. मग आशाताई घरी येते. ती म्हणते, लेकरू मागेल तेव्हा पाजा, दिवसा आणि रात्रीही.

आशाताईचं म्हणणं बरोबर आहे. पण ते इतक्या थोडक्यात सांगितलं जातं की आईच्या हाती फारसं काही लागत नाही. मागेल तेव्हा म्हणजे रडेल तेव्हा का? दर अर्ध्या तासाला मागायला लागलं तर दूध कमी पडतंय असं समजायचं का? जे लेकरू मागतच नाही, नुसतं झोपून राहतं, त्याचं काय करायचं? आणि सोयाबीनच्या सोंगणीला दिवसभर शेतात असलेल्या बाईकडे लेकरानं मागायचं तरी कसं? या प्रश्नांना उत्तरं आहेत. पण ती पटायची असतील तर आईच्या अंगात दूध तयार कसं होतं, ते आधी पाहायला हवं.

वार पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्यानं उतरतं. गरोदरपणात यानंच दूध अडवून धरलेलं असतं. ते उतरल्यावर दोन ते चार दिवसांत छाती भरून येते. इथपर्यंतचं काम शरीर आपणहून करतं. पुढे मात्र दूध टिकायचं, वाढायचं की आटायचं, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं: छातीतून किती दूध बाहेर गेलं. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध बनवायला लावतं आणि ऑक्सिटोसिन बनलेलं दूध पुढे ढकलतं. हे पुढे येणं म्हणजेच पान्हा. गोठ्यात हे रोज दिसतं. वासरू कासेला लागल्याशिवाय गाय पान्हवत नाही आणि परका माणूस धारेला बसला, कुत्रं भुंकलं, की पान्हा चोरते. बाईचंही तसंच आहे. लेकराचा नुसता आवाज कानावर आला तरी तिचा पदर ओला होतो. टाके दुखत असतील, मुलगी झाली म्हणून घरात तोंडं पडलेली असतील, तर दूध असूनही ते लवकर सुटत नाही.

याशिवाय छातीची स्वतःची एक मोजणी असते. छाती भरलेली राहिली की दूध बनण्याचा वेग मंदावतो, रिकामी झाली की वाढतो. ही मोजणी दोन्ही बाजूंना वेगवेगळी चालते. म्हणूनच ज्या बाळाला एकाच बाजूला पिण्याची सवय लागते, त्याच्या आईची दुसरी बाजू हळूहळू आटते, जरी दोन्हीकडे रक्त एकच आणि संप्रेरकंही तीच असली तरी. आता वडीलधाऱ्यांचा तो प्रेमाचा सल्ला आठवा: "थोडं साठू दे, मग पोटभर पिईन." एखाद्या दिवशी त्यानं काही बिघडत नाही. पण रोज चार-चार तास साठवत राहिलं तर शरीर असं समजतं की एवढं दूध लागतच नाही. महिन्याभरानं दूध खरंच कमी होतं, आणि मग तीच माणसं म्हणतात, हिला मुळातच दूध कमी.

बाळं खरोखर किती वेळा पितात, हे ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी मोजून काढलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक ते सहा महिन्यांची, फक्त अंगावर आणि मागेल तेव्हा पिणारी ७१ बाळं होती. दर वेळी पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर बाळाचं वजन करायचं आणि फरक लिहायचा, असं चोवीस तास. कुणी दिवसाला ६ वेळा प्यायलं, कुणी १८ वेळा; सरासरी ११. चोवीस तासांत कुणी ४७८ ग्रॅम दूध घेतलं, कुणी १३५६ ग्रॅम. एकंदर दुधापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा रात्रीचा होता. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: बाळं छाती पूर्ण रिकामी करतच नव्हती. आत जेवढं दूध होतं त्याचं सरासरी दोन-तृतीयांश पिऊन ती थांबत. म्हणजे पोट भरलं की थांबायचं, हे तान्ह्या लेकराला कळतं. जास्त पाजून पोट बिघडवायचं म्हटलं तरी अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत ते सोपं नाही.

त्याच संशोधकांच्या आधीच्या मोजमापांत दिसलं होतं की छातीत दूध साठवायची जागा बाईगणिक फार वेगळी असते. एकीत जेमतेम ८० मिली, तर दुसरीत ६०० मिली. छातीच्या दिसणाऱ्या आकाराशी दूध बनण्याचा संबंध नाही, कारण आकार बराचसा चरबीचा असतो. आता एकाच घरात दोन जावा एका महिन्यात बाळंत झाल्या असं समजा. एकीचं लेकरू तीन-तीन तास शांत झोपतं, दुसरीचं दीड तासात पुन्हा तोंड उघडतं. घरात लगेच तुलना सुरू होते. प्रत्यक्षात दोघींचं चोवीस तासांचं दूध सारखं असू शकतं. एकीचं सात फेऱ्यांत जातं, एकीचं तेरा फेऱ्यांत. दोघींना एकच तक्ता लावला तर पहिलीचं निभावेल आणि दुसरीचं लेकरू उपाशी राहील.

माणसाचं दूधच मुळी वारंवार पाजण्यासाठी घडलेलं आहे. सशीण दिवसातून एकदा, काही मिनिटांपुरती पिलांना पाजते आणि निघून जाते. तिचं दूध चरबी आणि प्रथिनांनी इतकं दाट असतं की पिलांचं चोवीस तास भागतं. माणसाच्या दुधात प्रथिनं साधारण एक टक्का आणि चरबी तीन-चार टक्के. पातळ, गोड, लवकर पचणारं. कलहारी वाळवंटातल्या कुंग लोकांमध्ये आया तासाला चार-चार वेळा थोडं थोडं पाजत, अशी नोंद दोन मानववंशशास्त्रज्ञांनी १९८० साली केली. आपल्याकडेही आजीच्या पिढीत कडेवरचं लेकरू पदराखाली जाऊन येऊन असे; ते किती वेळा प्यायलं हे कुणी मोजत नसे.

मग घड्याळ आलं कुठून? युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांकडून, आणि त्यांच्यापुढे खरी अडचण होती. १७४८ साली इंग्लंडमधल्या विल्यम कॅडोगन या डॉक्टरनं बालसंगोपनावर पुस्तिका लिहिली आणि बाळाला चोवीस तासांत चार वेळा पाजणं पुरे, असं सांगितलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांमध्ये बाटलीनं गाईचं दूध पिणारी बाळं हगवणीनं मरत होती. दूध जास्त झाल्यानं पोट बिघडतं, अशी समजूत पक्की झाली. अमेरिकेत एमेट होल्ट यांच्या १८९४ च्या पुस्तकानं वेळा आखून दिल्या. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग यांनी १९०७ साली प्लंकेट सोसायटी सुरू केली आणि दर चार तासांनी दूध, रात्री दूध नाही, ही शिस्त ब्रिटिश साम्राज्यभर पसरली. किंग स्वतः आईच्या दुधाचे कट्टर पुरस्कर्ते होते, हे विसरता कामा नये. पण बाटलीतल्या दुधावरून काढलेला नियम त्यांनी अंगावरच्या दुधाला लावला. दवाखान्यांनाही तो सोयीचा वाटला, कारण बाळं वेगळ्या खोलीत ठेवून नर्सांच्या पाळ्यांप्रमाणे आईकडे आणता येत.

तो नियम मोडायला कित्येक दशकं लागली. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या ठरवल्या. त्यातली आठवी होती, बाळ मागेल तेव्हा पाजायला उत्तेजन द्या. २०१८ च्या सुधारित मजकुरात ती आणखी नेमकी झाली: बाळाच्या भुकेच्या खुणा ओळखायला आणि त्यांना प्रतिसाद द्यायला आईला मदत करा. महाराष्ट्र यात मागे नव्हता. १९८९ सालीच मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. १९९१ च्या डिसेंबरात विदर्भातच, वर्ध्याला, स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी जाळं उभं राहिलं आणि १९९२ साली डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला.

मागेल तेव्हा पाजणं चांगलं, याला पुरावा किती, हेही स्पष्ट सांगायला हवं. दोन्ही पद्धती चिठ्ठ्या टाकून वाटून दिल्या आणि परिणाम पाहिला, असा नीट प्रयोग कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांना शोधूनही मिळाला नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या दहा हजारांवर मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वेळापत्रकानं पाजलेल्या मुलांचे आठव्या वर्षीचे बुद्ध्यांक सरासरी चार-पाच गुणांनी कमी निघाले. मात्र त्याच अभ्यासात वेळापत्रक पाळणाऱ्या आयांची झोप जास्त झाली होती आणि त्यांना बरंही वाटत होतं. केवळ नोंदींवरून कारण ठरत नाही, तेव्हा बुद्ध्यांकाची भीती कुणी कुणाला घालू नये. झोपेचा मुद्दा मात्र मला गंभीर वाटतो. दोन महिने तुकड्या-तुकड्यांनी झोपलेल्या बाईला 'मागेल तेव्हा' हे शब्द शिक्षेसारखे वाटू शकतात. तिला वेळापत्रकापेक्षा माणसांची गरज आहे. पाजण्याचं काम तिचं एकटीचं, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, मांडीवर घेऊन झोपवणं, कपडे धुणं, चूल सांभाळणं ही कामं घरातल्या कुणालाही येतात. नवऱ्यालाही येतात.

आपल्या सव्वा महिन्याच्या रिवाजात हेच शहाणपण होतं. चाळीस दिवस बाळंतिणीनं खोलीत राहायचं, तिला पाण्याचं-चुलीचं काम सांगायचं नाही, अळिवाची खीर, मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी वेळेवर हातात द्यायची आणि तिनं फक्त लेकराकडे पाहायचं. दूध पक्कं बसायला साधारण तेवढाच काळ लागतो. सरकारच्या योजनेत आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. त्यातला शेवटचा फेराही सव्वा महिन्याच्या आसपासच येतो. या काळात घड्याळ बघू नये, एवढी एकच गोष्ट एखाद्या घरानं पाळली तरी पुढचं पुष्कळ सोपं होतं. पण त्याच खोलीत चीक पिळून टाकला जातो, बोटानं मध चाटवला जातो आणि घुटी उगाळली जाते, हे चुकीचं आहे. चीक थोडा असतो, चमचाभर. पण तान्ह्याचं पोटही पहिल्या दिवशी तेवढंच मागतं आणि रोगाशी लढणारी प्रथिनं त्यातच सर्वात जास्त असतात. मधानं लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात सहा महिन्यांखालची ७१ टक्के बाळं फक्त अंगावरच्या दुधावर होती, आधीच्या फेरीत ती ५७ टक्के होती. ही चांगली वाढ आहे. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ५३ टक्केच होती, आणि तो आकडा आधीपेक्षा खाली आलेला आहे. दवाखान्यात जन्मून निम्म्या लेकरांचा पहिला तास फुकट जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मागणं म्हणजे काय ते पाहू. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ झोपेतच डोळ्यांची हालचाल करतं, हात तोंडाकडे नेतं, जीभ बाहेर काढतं, गालाला पदर लागला तर मान तिकडे वळवून तोंड उघडतं. या वेळी घेतलं तर ते सावकाश, खोल ओढतं. रडून लाल झालेलं लेकरू छातीला नीट लागत नाही, हवा गिळतं, दोन घोट घेऊन सोडतं आणि पुन्हा रडतं. आईला वाटतं दूधच येत नाही. बाळ शेजारीच झोपलेलं असेल तर या खुणा दिसतात. पलीकडच्या खोलीतल्या पाळण्यात असेल तर फक्त रडणं ऐकू येतं. नीट लागलेल्या बाळाचं तोंड मोठं उघडलेलं असतं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी छातीला टेकलेली असते आणि काळसर भाग वरून जास्त, खालून कमी दिसतो. आईला दुखत नाही. दुखत असेल, चिरा पडत असतील, तर पकड चुकते आहे. वेळ कमी करून ते सुटत नाही, पकड सुधारूनच सुटतं.

संध्याकाळी बरीच बाळं दोन-तीन तास सारखी लागून राहतात. ओढतात, सोडतात, कुरकुरतात, पुन्हा ओढतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे नेहमीचंच आहे. घरात मात्र दिवेलागणीला असं झालं की मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. दृष्ट काढायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. हरकत पुढच्या वाक्याला आहे: "दूध पुरून नाई राह्यलं, वरचं सुरू करा." वरचं दूध सुरू झालं की बाळ अंगावर कमी ओढतं. कमी ओढलं की दूध कमी बनतं. पंधरा दिवसांत म्हणणाऱ्याचं म्हणणं खरं ठरतं.

दूध पुरतं की नाही, हे रडण्यावरून कळत नाही, लंगोटांवरून आणि वजनावरून कळतं. पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा पांढरट शू होत असेल, तर पोटात दूध जात आहे. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं. दोन आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनाला परत यायला हवं आणि त्यानंतर महिन्याला निदान अर्धा किलो वाढायला हवं. आशाताईचा झोळीचा वजनकाटा त्यासाठीच आहे. बाळाला कपड्यांसकट टांगू नये, आणि आकडा तिच्याकडून कार्डावर लिहून घ्यावा. ते कार्ड घरातल्या वादाला सगळ्यात चांगलं उत्तर देतं.

'मागेल तेव्हा' हा नियम काही लेकरांना मात्र लागू पडत नाही, आणि हे पुरेसं सांगितलं जात नाही. मागायलाही ताकद लागते. कमी दिवसांचं, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं, कावीळ झालेलं किंवा नुसतंच सुस्त बाळ भूक लागली तरी उठत नाही. आई खूश असते की किती गुणाचं लेकरू, रडतच नाही. आणि ते वाळत जातं. देशात जन्मणाऱ्या बाळांपैकी जवळपास अठरा टक्के अडीच किलोच्या खाली असतात, म्हणजे असं लेकरू दर गल्लीत सापडेल. त्याला दर दोन तासांनी, रात्री निदान तीन तासांनी, उठवून पाजावं लागतं. दुपटं काढावं, तळपायाला गुदगुल्या कराव्यात, आईच्या उघड्या छातीशी ऊब द्यावी. ओढत नसेल तर दूध हातानं पिळून वाटी-चमच्यानं द्यावं. सिस्टरचं 'दर दोन तासांनी' अशा बाळासाठी अगदी बरोबर असतं. वजन नीट वाढू लागलं आणि ते स्वतः मागू लागलं की घड्याळ सोडावं. आणि बाळ ओढायलाच तयार नसेल, अंग थंड किंवा गरम लागत असेल, तर घरी प्रयोग न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गडचिरोलीत गावातल्याच बायकांना अशी बाळं ओळखायला शिकवलं आणि तिथला नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आला, हे १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. आशाताईचे घरचे फेरे त्याच कामातून पुढे देशभर गेले.

उन्हाळ्यात आणखी एक प्रश्न येतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यात एप्रिल-मे भाजून काढतात आणि तान्ह्याला पाणी पाजायचा मोह होतो. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. दिल्लीतल्या डॉक्टरांनी ऐन उन्हाळ्यात बाळांचं लघवी-पाणी मोजून १९९१ साली दाखवून दिलं की फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळं पाणी लागत नाही. अट एकच, त्याला मागेल तेव्हा मिळालं पाहिजे. उन्हाळ्यात ते जास्त वेळा आणि थोडं थोडं मागतं. तहान भागवायची त्याची तीच रीत आहे. पाणी आईनं प्यावं.

"अंगावर पिते तोवर दिवस जात नाहीत", ही समजूतही घड्याळाशी बांधलेली आहे. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ इथं जमलेल्या तज्ज्ञांनी तिच्या अटी ठरवल्या: बाळ सहा महिन्यांच्या आत हवं, पाळी परत आलेली नसावी आणि बाळ जवळजवळ पूर्णपणे अंगावरच हवं. तिन्ही अटी असतील तर ९८ टक्के संरक्षण मिळतं. पण दिवसा चार तासांहून किंवा रात्री सहा तासांहून जास्त खंड पडू लागला की तो भरवसा कमी होतो. दिवसभर शेतावर जाणाऱ्या बाईनं यावर विसंबू नये, नर्सबाईंना विचारून दुसरं साधन घ्यावं.

आणि इथंच खरी अडचण आहे. बुलढाण्याच्या खेड्यात लेकराच्या मागण्याआड येणारं घड्याळ पुस्तकातलं नसतं, मजुरीचं असतं. आषाढ-श्रावणात निंदण, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाची वेचणी. जागतिक स्तनपान सप्ताह १ ते ७ ऑगस्टला येतो, तेव्हा ज्यांच्यासाठी तो असतो त्या बाया निंदणात असतात. सव्वा महिना फार थोड्या जणींना पुरा मिळतो. दोन-तीन महिन्यांत बाई रोजानं जाते. वेचणीची मजुरी किलोवर असते. लेकरासाठी घरी जाऊन यायचं म्हटलं तर तेवढा कापूस कमी आणि तेवढे पैसे कमी. मग दुपारी कमरेची ओटी कापसानं भरत असते आणि छाती दुधानं दाटून दगड होते. झंपर भिजतो. बाई बांधाच्या आड जाऊन दूध मातीत पिळून टाकते, कारण दुखणं सहन होत नाही. घरी तेच लेकरू आजीच्या मांडीवर पाणी घातलेलं शेळीचं किंवा म्हशीचं दूध पीत असतं.

याला काही करता येतं. पहाटे आणि निघण्याच्या अगदी आधी दोन्ही बाजूंना पाजावं. मधल्या वेळेत साबणानं हात धुऊन, उकळून घेतलेल्या वाटीत दूध पिळून झाकून ठेवावं. साधारण गार जागी ते चार तास चांगलं राहतं, कडक उन्हाळ्यात इतका वेळ धरू नये. आजीनं ते वाटी-चमच्यानं पाजावं, बाटलीनं नव्हे, कारण बाटली धुणं अवघड आणि तिची सवय लागली की बाळ छाती ओढायचा कंटाळा करतं. दुपारच्या भाकरीच्या वेळेला कुणी लेकरू शेतावर आणून दिलं तर एक पाजणं साधतं. संध्याकाळी घरी आल्यावर बाळ रात्रभर जास्त वेळा मागेल. ते दिवसाची कसर भरून काढत असतं आणि तसं केल्यानंच दूध टिकतं. उन्हातून आल्यावर दूध तापतं, पहिली धार टाकावी, असं म्हणतात. दूध अंगाच्या उष्णतेचंच असतं, ते तापत नाही आणि बाधत नाही. मात्र कापसावर फवारणी झालेली असेल तर हात आणि छाती साबणानं धुऊन, झंपर-लुगडं बदलूनच बाळाला घ्यावं. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषानं माणसं मेली, ती औषधं किती जहाल आहेत हे या भागाला माहीत आहे.

पण हे सगळं एकट्या बाईच्या जिवावर. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं नोकरदार आईला बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ दिला, २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा २६ आठवड्यांची केली. वावरात काम करणाऱ्या बाईला त्यातलं काही पोचलं नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच लहान मुलं असतील तर एका बाईला ती सांभाळायला ठेवायची तरतूद केली होती. खासगी शेतात तशी कुणावर सक्ती नाही. राज्यात बसस्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, ही चांगली गोष्ट आहे, पण कापसाच्या वावरात आडोसा म्हणून निंबाचं झाड आणि त्याला बांधलेली झोळीच असते. जिजाऊंच्या सिंदखेड राजामुळे हा जिल्हा स्वतःला मातृतीर्थ म्हणवतो. इथल्या शेतमालकानं तान्ह्या लेकराच्या आईला अर्धा तास मजुरी न कापता द्यावा, टोळीतल्या बायांनी एकीला आळीपाळीनं लेकरांपाशी बसवावं, ग्रामपंचायतीनं हंगामापुरतं का होईना पाळणाघर चालवावं, ही मागणी मोठी नाही.

दोन-तीन महिन्यांनंतर बहुतेक बाळं स्वतःच एक रीत धरतात. पकड सराईत होते, वीस मिनिटांचं पिणं सात-आठ मिनिटांत उरकतं, मधली अंतरं वाढतात, आणि आईला अंदाज येतो की हे आता दोन वाजता उठेल. या रीतीला सोयीनं थोडं पुढे-मागे ढकलायला हरकत नाही. छाती दाटली असेल तर आईनंही झोपलेल्या लेकराला उचलून घ्यावं. मागायचा हक्क दोघांना आहे. दात येताना, तापात, हगवण लागल्यावर मात्र ही रीत मोडते आणि बाळ पुन्हा पहिल्या महिन्यासारखं मागू लागतं. तेव्हा तसंच द्यावं.

सहा महिने पूर्ण झाले की जेवणाच्या वेळा आपोआप येतात. वरणाचं नुसतं पाणी देऊ नये. चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही असा घट्ट कालवलेला वरण-भात, त्यावर तेल किंवा तूप, आधी दिवसातून दोन-तीन वेळा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. त्या वेळा ठरलेल्या असाव्यात. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही, पहिल्यासारखंच, मागेल तेव्हा.